घराजवळचा डोंगर : मुलांसोबत माथेरान

दिवाळीची सुट्टी लागली की मुंब्रा, भिवंडी, कल्याण, ठाणे इथल्या घराघरांत मुलांचा एकच प्रश्न असतो, "यंदा कुठे जायचं?" ज्यांचे गाव कोकणात आहे ते गावी जातात. काहींचा मुक्काम नानीकडे पडतो. उरलेले काश्मीर-मनालीचा खर्च काढून बघतात, रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, आणि शेवटी सुट्टी मोबाइलवर आणि मॉलमध्ये संपते. फिरायला जाणे म्हणजे लांब जाणे, असा आपला समज होऊन बसला आहे. वास्तविक आपल्या रोजच्या लोकलच्या खिडकीतून, बदलापूर सोडले की, एक लांबलचक, सपाट माथ्याचा डोंगर दिसू लागतो. हजारो लोक त्याच्याकडे पाठ करून मुंबईला कामाला जातात आणि रात्री पेंगत परत येतात. तो डोंगर म्हणजे माथेरान.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिथे एक रात्र राहून आलो. सोबत सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे मुलांच्या दादी. लहान मुले आणि वडीलधारी माणसे घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून, आणि या डोंगराबद्दल आपल्या मुलांना ठाऊक असाव्यात अशा काही गोष्टी आहेत म्हणून, हा लेख.

कधी आणि कसे जावे

उन्हाळ्यात माथेरानला गर्दी फार आणि पावसाळ्यात धुके, निसरडे व चिखल. लहान मुलांसाठी सगळ्यांत चांगले दिवस म्हणजे ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबर. पाऊस सरलेला असतो पण रान अजून हिरवे असते. खाली कल्याणला ऑक्टोबरच्या उन्हाने जीव नकोसा होतो, तर वर समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर संध्याकाळी पातळ स्वेटर लागतो.

कल्याणहून नेरळ सुमारे ३३ किलोमीटर. कर्जत किंवा खोपोली लोकल धरली की पाऊण-एक तासात आपण नेरळला. ठाणे, डोंबिवलीकरांना थेट लोकल मिळते, मुंब्रावासीयांना बहुधा कल्याणला बदलावे लागते. नेरळहून वर जायचे दोन मार्ग. एक म्हणजे शेअर टॅक्सी, जी अर्ध्या तासाच्या आत दस्तुरी नाक्यावर सोडते. दुसरा मार्ग छोट्या रेल्वेचा. ही गाडी पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून, नेरळ ते अमन लॉज या टप्प्यात बंद असते आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा सुरू होते. अमन लॉज ते माथेरान हा वरचा छोटा टप्पा मात्र पावसाळ्यातही चालू असतो. म्हणून निघण्यापूर्वी नेरळची गाडी सुरू झाली का, याची चौकशी करून घ्यावी. आम्ही गेलो तेव्हा ती नुकतीच सुरू झाली होती. डबे लहान, आसने मोजकी, म्हणून भल्या सकाळी जाऊन खिडकीसमोर रांग लावणे उत्तम.

आदमजींच्या घराण्याची रेल्वे

नेरळला गाडी सुटायची वाट पाहताना मुलीने विचारले, "अम्मी, ही गाडी एवढी छोटी का?" याचे उत्तर शोधताना मुलांच्या अब्बूंनी तिला जी हकीकत सांगितली, ती आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही.

या गाडीच्या दोन रुळांमध्ये फक्त दोन फुटांचे अंतर आहे. रूळ जितके जवळ, तितके डोंगराच्या कुशीत घट्ट वळण घेता येते. इथली काही वळणे इतकी आवळ आहेत की त्यांची त्रिज्या अठरा मीटरच्या आसपास भरते. म्हणजे आपल्या सोसायटीच्या आवारात मावेल असे ते वळण. चढही तसाच. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढलेली असते. त्यामुळे २१ किलोमीटरला अडीच तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि शेवटी माथेरान. वाटेत बोगदा एकच, तोही इतका लहान की मुलांचे ओरडणे सुरू होते न होते तोच तो संपतो.

हा रेल्वेमार्ग सरकारने बांधला नव्हता. १९०४ साली त्याचे काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. काम उभे केले अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, आणि त्या काळचे सोळा लाख रुपये घातले ते त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. आदमजी मूळचे काठियावाडातल्या धोराजीचे, दाऊदी बोहरा समाजातले. लहान वयात रिकाम्या हाताने मुंबईत आले आणि रस्त्यावर काडेपेट्या विकून त्यांनी सुरुवात केली, असे सांगतात. पुढे फौजेला तंबू पुरवण्याच्या व्यवसायातून ते श्रीमंत झाले, मुंबईचे शेरीफ झाले. डिसेंबर १९०७ मध्ये कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. मुंबईत चर्नी रोड स्थानकाला लागून आजही त्यांच्या नावाचे सॅनेटोरियम उभे आहे. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला स्वस्तात टेकायला जागा मिळावी, ही त्यामागची भावना.

ही माहिती मुलांना सांगायची ती मिरवण्यासाठी नाही. सोळा लाख आदमजींचे असले तरी कडा फोडणारे, खडी वाहणारे, रूळ अंथरणारे हात कोणाचे होते, त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, हेही त्याच वेळी सांगावे. पण आपल्या मुलांना शाळेत, रस्त्यात कधी ना कधी, तुमचे या मातीशी काय नाते, असा प्रश्न बोलून किंवा न बोलता विचारला जातो. तेव्हा आजूबाजूच्या सर्वांना आवडणारी ही झुकझुक गाडी कोणी आणली, हे त्यांना ठाऊक असलेले बरे. भांडायला नव्हे, तर मान ताठ ठेवून प्रेमाने सांगायला.

या गाडीला डोंगरानेही पुष्कळदा थांबवले आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस ठाणे-कल्याणचा कोणी विसरलेला नाही. त्यात या मार्गाचीही वाताहत झाली आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. २०१९ च्या पावसाळ्यात, ज्या मोसमात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, त्याच मोसमात इथले रूळही खचले. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळची शिट्टी पुन्हा वाजली. इतक्या वेळा खचूनही दुरुस्त होऊन चालू राहणारी ही गाडी मुलांना सबरचा धडा न बोलता देते.

मोटार नसलेले गाव

माथेरानचे खरे वैशिष्ट्य पॉइंटमध्ये नाही. ते आहे तिथल्या शांततेत. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटारीला बंदी आहे. स्कूटरही नाही. दस्तुरीला नगरपरिषदेचा प्रवेश कर भरायचा आणि पुढे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, छोट्या रेल्वेने किंवा मोजक्या ई-रिक्षांपैकी एखादीत. केंद्र सरकारने २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे झाड तोडण्यावर आणि मनमानी बांधकामावरही बंधने आहेत.

आमच्या घराखाली पहाटे पाचपासून रात्री एकपर्यंत हॉर्न वाजत असतात. माथेरान स्थानकातून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांनी माझा मुलगा थबकला आणि म्हणाला, "अम्मी, आवाज बंद झाला." चार वर्षांच्या आयुष्यात त्याला हा अनुभव पहिल्यांदा आला होता. वाऱ्याने हलणारी पाने, लांबून घोड्याच्या टापा, माकडांचा दंगा. रस्त्यावर मुलाचा हात सोडता येतो, ही गोष्ट आम्हा शहरातल्या आयांना केवढी मोठी वाटते ते कसे सांगू! दोन्ही मुले तांबड्या मातीत मनसोक्त धावली. जांभ्याची ती माती कपड्यांना चिकटते ती दोन धुण्यांत जात नाही, म्हणून पांढरे कपडे घरीच ठेवावेत.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. अंजन, जांभूळ, हिरडा यांची दाट सावली भर दुपारीही मिळते. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने हा डोंगर 'शोधला' असे पुस्तकांत लिहिलेले असते. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. आज तो रायगडच्या कर्जत तालुक्यात आहे. पण मॅलेट वर चढला त्याच्या किती तरी आधीपासून धनगर, ठाकर आणि कातकरी या रानात ये-जा करत होते. मुलीला मी एवढेच म्हटले, "साहेबाला नवीन होता, इथल्यांना नव्हता." तिला ते लगेच पटले. मुलांना अशा गोष्टी मोठ्यांपेक्षा लवकर समजतात.

इथलेच एक नाव मुलांना आवर्जून सांगावे, ते भाई कोतवाल यांचे. १९१२ साली माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वकिलीचे शिक्षण घेतलेला हा तरुण गरीब शेतकऱ्यांसाठी धान्य कोठी काढत होता, त्यांच्या मुलांसाठी शाळा चालवत होता. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे साथी हिराजी पाटील शहीद झाले. मुरबाड म्हणजे आपल्या कल्याणच्या शेजारचा तालुका.

माणसाने माणसाला ओढावे का?

स्थानकाबाहेर आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला तो दादींचा. हॉटेल स्थानकापासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर होते आणि रस्ता चढ-उताराचा. ई-रिक्षा मोजक्याच, त्यांच्यापुढे रांग. समोर हातरिक्षा उभ्या होत्या. दोन मोठी चाके, मध्ये आसन, पुढून एक माणूस ओढतो आणि मागून दोघे ढकलतात. माथेरानमध्ये अशा ९४ परवानाधारक हातरिक्षा होत्या.

मुलीने विचारले, "दादी, याच्यात घोडा कुठे बांधतात?" जवळच उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने हसून उत्तर दिले, "घोडा म्हणजे मीच, बेटा."

दादी त्या रिक्षात बसल्या नाहीत. पण तशाच पुढेही निघाल्या नाहीत. त्यांनी त्याच्याशी बोलणे सुरू केले. किती वर्षे ओढतोस, घरी कोण कोण आहे, छातीत दुखत नाही का? तो म्हणाला, "आजी, दुखतं तर. चढावर श्वास लागतो. पण तुम्ही बसला नाहीत म्हणून माझं दुखणं जात नाही, फक्त आजची कमाई जाते. आम्हाला ई-रिक्षाच पाहिजे. पण ती चालवायला आम्हालाच मिळाली पाहिजे." दादी क्षणभर गप्प राहिल्या. मग आमच्या बॅगा, मुलाची ढकलगाडी आणि पाण्याच्या बाटल्या त्याच्या रिक्षात ठेवायला सांगितल्या, माणूस बसवल्याचे जेवढे भाडे तेवढे ठरवले, आणि स्वतः काठी टेकत, दर पाच मिनिटांनी कठड्यावर बसत पोहोचल्या. वीस मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. तो बिचारा रिक्षा घेऊन आमच्याच चालीने चालत होता आणि मुलांना झाडांची नावे सांगत होता.

आपल्या दीनमध्ये मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याची शिकवण आहे, जनावरावरही झेपेल त्याहून जास्त ओझे लादू नये अशी ताकीद आहे. ही शिकवण मुले मकतबमध्ये पाठ करतात. पण एखाद्या माणसाच्या पोटाचा आणि त्याच्या इज्जतीचा प्रश्न एकाच वेळी समोर येतो तेव्हा काय करायचे, हे पाठांतराने समजत नाही. बसलो तर त्याची इज्जत, नाही बसलो तर त्याची रोजी. दादींनी काढलेली वाट प्रत्येकाला जमेल असे नाही. ज्यांना दोन पावलेही टाकता येत नाहीत, अशा आजाऱ्यांना आणि अपंगांना इथे दुसरे साधन नव्हते, हेही खरे.

हा प्रश्न हातरिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच न्यायालयात नेला होता. ई-रिक्षा आली तर मागोमाग मोटारी येतील आणि आमचा धंदा बुडेल, अशी घोडेवाल्यांची भीती होती, आणि तीही अगदीच खोटी म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितले की माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत अमानुष आहे, ती सहा महिन्यांत बंद करावी आणि या रिक्षावाल्यांना ई-रिक्षा चालवायला द्याव्यात. ही बातमी दादींनी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मुलीला हाक मारून दाखवली. तिने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे आता ते काका गाडी चालवणार?" दादी म्हणाल्या, "इन्शाअल्लाह." आपण पुढच्या वेळी गेलो की तिथे कोण काय चालवतो आहे, हे मुलांना जरूर पाहायला लावावे. आदेश निघणे आणि तो शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते, हेही मुलांनी शिकायला हवे.

आपल्या नळाचे पाणी

माथेरानला तीसहून जास्त पॉइंट आहेत आणि घोडेवाले सगळे दाखवायला तयार असतात. लहान मुले असतील तर दिवसाला दोन पुरेत. आम्ही सकाळी पूर्वेकडचा अलेक्झांडर पॉइंट पाहिला, तो बाजारपेठेपासून जवळ आहे. इथे उभे राहिले की समोर खाली खोरे उघडते आणि त्यात एक नदी चमकताना दिसते. ती उल्हास.

मुलांना नदी दाखवून विचारले, "ही कुठे जाते माहीत आहे?" उत्तर मीच दिले, "आपल्या घरी." बोरघाटाच्या डोंगरांत उगम पावून ती कर्जत, नेरळ, बदलापूरवरून कल्याणकडे येते. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रात वीज करून झालेले पाणीही तिच्यातच सोडले जाते, म्हणून ती उन्हाळ्यातही आटत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या नळाला येणारे पाणी याच नदीतून उचलतात. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग भावाला म्हणाली, "म्हणजे आपण वजू करतो ते पाणी इथून चालत येतं." अल्लाहने पर्वत उभे केले आणि त्यांतून गोड पाणी वाहते केले, हे कुरआनमध्ये जागोजागी आले आहे. मुलांनी ते ऐकलेले असते. कड्यावरून ती नदी पाहिल्यावर ऐकलेले डोळ्यांत उतरते. आणि मग नळ वाहता ठेवून ब्रश करणाऱ्या मुलाला एकदाच आठवण करून द्यावी लागते, रोज ओरडावे लागत नाही.

गावातला शार्लोट तलाव हाही पिण्याच्या पाण्याचा. त्याच्या काठावर बसावे, पण मुलांना पाण्यात उतरू देऊ नये आणि खाण्याची वेष्टने तिथे टाकू नयेत.

मावळतीची नमाज

संध्याकाळी सगळे माथेरान पश्चिमेच्या पॉर्क्युपाइन पॉइंटकडे, म्हणजे सनसेट पॉइंटकडे निघते. नोव्हेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या दिवसांत तो नैऋत्येकडे सरकलेला असतो आणि इथून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. म्हणून मावळत्या सूर्याच्या थोडे उजवीकडे तोंड केले की दिशा बरोबर येते. प्रवासाला निघालो म्हणून कसर करायची का, असे बरेच जण विचारतात. ठाणे-कल्याणहून माथेरान हनफी किंवा शाफई मसलकाच्या प्रचलित हिशेबाने कसरच्या अंतरात बसत नाही, म्हणून नमाज पूर्ण पढावी. शंका असल्यास आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून निघावे.

मगरीबची वेळ थोडी. हॉटेलवर परतेपर्यंत ती निघून जाईल असे वाटले. खरे सांगायचे तर आजकाल चारचौघांत जानमाज अंथरायचा म्हटले की मन दहा वेळा विचार करते. कोणी मोबाइल काढेल, कोणी काही बोलेल. मुलांदेखत बोलले तर? मुलांचे अब्बू माझ्याकडे पाहत होते, मी दादींकडे. दादींनी पिशवीतून जानमाज काढला आणि म्हणाल्या, "वाट सोडून बाजूला पढू. कोणाची अडचण होणार नाही असं बघा, बस." आम्ही वाटेपासून दूर, एका झाडामागच्या सपाट कातळावर उभे राहिलो.

अडचण होती ती चार वर्षांच्या मुलाची. कड्याच्या एवढ्या जवळ त्याला मोकळे सोडता येत नव्हते. आम्ही आळीपाळीने पढायचे ठरवत होतो तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका आजींनी त्याला हाक मारली. त्या डोंबिवलीच्या, मुला-नातवंडांसोबत आलेल्या. म्हणाल्या, "तुम्ही सगळे निवांत करा तुमची प्रार्थना. हा माझ्याजवळ बसेल." आणि डब्यातली चकली त्याच्या हातात दिली. आम्ही सलाम फेरला तेव्हा तो त्यांच्या नातवासोबत बसून तिसरी चकली खात होता. मग दादींनी आमच्या डब्यातले खजूर आणि नानकटाई पुढे केली. दोघी म्हाताऱ्यांचे गुडघ्यांच्या औषधांवर जे बोलणे रंगले ते अंधार पडेपर्यंत थांबले नाही. परतताना दोन्ही घरच्या टॉर्चच्या उजेडात आम्ही सगळे एकत्रच चालत आलो.

यात विशेष काही घडले नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण दिवसभर मोबाइलवर आपल्याला जे दाखवले जाते, त्यात हे कधी येत नाही. आपल्या मुलांनी जग फक्त बातम्यांतून पाहिले तर ती घाबरट तरी होतील नाही तर कडवट. त्यांना घराबाहेर नेले, माणसांत बसवले, तर त्यांच्याजवळ स्वतःचा अनुभव राहील.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

मुले पाच वर्षांच्या आतली असतील तर मुक्काम एक रात्रीचाच ठेवावा आणि शनिवार-रविवार टाळावा. सुट्टीतल्या मधल्या वारी गर्दी आणि खोलीचे भाडे दोन्ही कमी असतात.

माकडे फार धीट आहेत. खाण्याच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हातात धरून चालू नये, बंद बॅगेत ठेवाव्यात. मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नये. माकडांना खाऊ घालणे ही दया नव्हे, त्याने ती हिसकावायला शिकतात.

घोड्यावर मुलाला बसवायचे असल्यास हेल्मेट मागून घ्यावे, घोडा चालत न्यायला सांगावे आणि लगाम घोडेवाल्याच्याच हातात असावा. भाडे आधी ठरवावे आणि ठरले की शेवटी घासाघीस करू नये.

पॉइंटवर कठडा असतोच असे नाही. जांभा कडेला ठिसूळ असतो. फोटोसाठी मुलांना कड्याच्या टोकाला उभे करू नये. एका मुलामागे एक मोठे माणूस, हा हिशेब घरून करूनच निघावे.

हलालची काळजी असणाऱ्यांना शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते. एका दिवसाचे जेवण घरून नेले तर उत्तम. आम्ही उकडलेली अंडी, खिमा भरलेल्या रोट्या आणि भाजलेले चणे नेले होते. येताना चिक्की घ्यावी, चामड्याच्या चपला बघाव्यात. हीच इथल्या लोकांची कमाई आहे.

सोबत टॉर्च, जानमाज, पाण्याची भरलेली बाटली, वजूसाठी एक लहान तांब्या, मुलांचे जास्तीचे मोजे आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी असावी. ती पिशवी भरून परत घरी आणावी. वर टाकलेली प्रत्येक बाटली कोणाला तरी पाठीवर किंवा घोड्यावर लादून खाली आणावी लागते.

परवडेल तेवढे लांब जावे, त्यात गैर काही नाही. पण लांबच्या प्रवासात मुलांना बहुतेक वेळा गाडीची खिडकी आणि हॉटेलची खोली एवढेच आठवते. जवळच्या डोंगरावर ती पायांनी चालतात, दमतात, विचारतात. त्यांना समजते की आपली रेल्वे कोणी बांधली, आपले पाणी कुठून येते, आपल्या सोयीसाठी कोणाच्या छातीत दुखते, आणि अनोळखी माणूस नेहमी परका नसतो. एवढे एका सुट्टीत पुष्कळ झाले. येत्या दिवाळीत कर्जत लोकल पकडा. आणि त्याआधीही, बदलापूर ओलांडल्यावर, मुलांना खिडकीशी बसवून तो सपाट माथा दाखवायला विसरू नका.